बरोबरच्या खुणा

विराज बोलला, आणि दुसऱ्याच दिवशी आशाबाईंनी बोकड ठरवून टाकलं.

बोलला म्हणजे काय, तर मंगळवारी सकाळी ओसरीवर बसल्या बसल्या त्यानं बापाच्याच हेलात हाळी दिली, "चला सेनगाव, सेनगाव, सेनगाव! बसा, बसा! एक सीट, एक सीट!" आता घर गोरेगावच्या जीप स्टँडला चिकटून आणि बाप भागवत स्वतः जीपवाला, तेव्हा ही हाळी पोराच्या कानावर दिवसातून शंभरदा पडायची. पण ज्या लेकरानं तीन वर्षं होत आली तरी धड 'आई' म्हटलं नव्हतं, ते एकदम एवढं लांबलचक बोललं म्हटल्यावर घर काय थाऱ्यावर राहतंय! आशाबाईंनी हातातलं सूप तिथंच टाकलं, नातवाच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि उंबऱ्यात बसून मोकळेपणी रडून घेतलं. आजोबा सोनाजी तुरीचं खळं सोडून घरी आले. भागवतनं पहिल्या फेरीच्या जीपभर माणसांना स्टँडवर चहा पाजला.

आशाबाईंचा नवसच तसा होता. माळावरच्या सटवाईला त्यांनी गेल्या वर्षी बोलून ठेवलं होतं की माझ्या नातवाला वाचा फुटू दे, मगच त्याचं जावळ काढीन, तुझ्या पारावर, बोकड देऊन. जावळ काढायचं ते पहिल्या वर्षी, नाही तर तिसऱ्या. तिसरं सरलं की थेट पाचवं. आणि विराजचं तिसरं सरायला अकरा दिवस उरले होते. देवीनं अगदी वेळेवर ऐकलं, असं आशाबाई येईल त्याला सांगत सुटल्या होत्या. शुक्रवारचा दिवस धरला, सासरहून लेकीला, रूपाबाईला बोलावलं, डोंगरकड्याला मुलाच्या मामाला, अंगदला सांगावा गेला.

सगळं घर असं हरखलेलं असताना एकट्या द्वारकाला त्या आनंदात सामील होता येत नव्हतं.

द्वारका थोरली सून, आणि गावातल्या अंगणवाडीची सेविका. विराजची आई राजनंदिनी तिची धाकटी जाऊ. पण जाऊ ही झाली नंतर. आधी दोघी डोंगरकड्याच्या शाळेत एका पट्टीवर बसलेल्या, एका डब्यातलं खाल्लेल्या. द्वारका या घरात नांदायला आली आणि दोन वर्षांत सासूच्या मागं लागून तिनं आपल्या या नंदीला, राजनंदिनीला, दिरासाठी मागून आणलं. लग्नात लोकांनी दोघींची चेष्टा केली होती, की ही नवरी नवऱ्यासाठी आली का जावेसाठी! त्या दोघींमध्ये आजवर एकमेकींपासून लपवण्यासारखं काही नव्हतं. आता होतं, आणि ते द्वारकाच्या पर्समध्ये चौघडी करून ठेवलेलं होतं.

महिन्यापूर्वी सेनगावला सेविकांचं प्रशिक्षण झालं. आलेल्या डॉक्टरबाईंनी पडद्यावर लहान लहान लेकरं दाखवली. एक हाक मारली तरी वळत नव्हतं, एक गाडीचं चाक नुसतं फिरवत बसलं होतं, एक ऐकलेलं तसंच्या तसं म्हणत होतं. बाईंनी फळ्यावर 'स्वमग्नता' असा शब्द लिहिला. म्हणाल्या, "याला खूळ म्हणायचं नाही. ही लेकरं जग आपल्यापेक्षा निराळ्या तऱ्हेनं घेतात. आणि तुम्ही कुणाला नाव चिकटवायचं नाही, ते तपासणाऱ्याचं काम. तुम्ही फक्त नीट बघायचं आणि वेळेत पाठवायचं. जितकं लहान, तितकं लवकर शिकतं." द्वारका तिसऱ्या ओळीत बसली होती. पडद्यावर पोरं दुसऱ्यांची होती, पण तिला प्रत्येक वेळी विराजच दिसत होता.

आणि त्याहून वाईट म्हणजे तिला विराजचं कार्ड आठवलं. दोन वर्षांच्या लेकराचं एक कार्ड भरायचं असतं, चार प्रश्नांचं. हाक मारली की बघतो का, बोटानं दाखवतो का, दुसऱ्या लेकरांत मिसळतो का, आपली गरज सांगतो का. गेल्या एप्रिलात तिनं विराजचं कार्ड चुलीपुढं बसून भरलं होतं, तव्यावर भाकर असताना. घरचंच पोर, त्यात काय बघायचंय! पहिल्या प्रश्नाला तिनं तिथूनच हाक मारली होती. त्यानं वळून बघितलं नाही. खेळात आहे, असं म्हणून तिनं चारही रकान्यांत पटापट बरोबरच्या खुणा करून टाकल्या होत्या.

येत्या सोमवारी दवाखान्याची तपासणीची गाडी अंगणवाडीत यायची होती. कुणाला दाखवायचं त्यांची यादी सुपरवायझरबाईंनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मागितली होती. चार नावं लिहून झाली होती. पाचवी ओळ चार दिवस कोरी होती, आणि शुक्रवार उजाडला होता.

जीप माळाच्या रस्त्याला लागली तेव्हा राजनंदिनी द्वारकाच्या शेजारी बसली होती, नवी हिरवी साडी नेसून. तिच्या मांडीवर विराज, केस खांद्यापर्यंत वाढलेले, आजीनं त्यांची घट्ट वेणी घातलेली. तो खिडकीच्या रबरावरून एक बोट इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरवत होता.

"विराज," द्वारका हळूच म्हणाली.

बोट चालूच राहिलं.

"त्याला आत्ता नको बोलूस," राजनंदिनी घाईनं म्हणाली. "रबर घावलं की तो कुनाचा नसतो. कसा गोड दिसून राहिला बघ ना आज."

"नंदे, मला तुझ्यासंगं बोलायचंय."

"बोल की."

पुढच्या सीटवरून आशाबाई मागं वळल्या. "काय कुजबुजून राहिल्या गं दोघी? मोठ्यानं बोला. आज आनंदाचा दिवस हाय माझ्या घरचा."

"काही न्हाई आत्याबाई," द्वारका म्हणाली. महिनाभर ती हे असंच पुढं ढकलत आली होती.

पारावर पोचल्यावर बायका चुलीच्या मागं लागल्या, पुरुष बोकडाच्या. हलगीवाला आला होता, तो हलगी शेकत बसला. विराज पाराच्या पायरीशी गेला. तिथं सगळ्यांनी काढलेल्या चपला पडल्या होत्या. त्यानं एकेक चप्पल उचलून ओळीत लावायला सुरुवात केली. टाच टाचेला, अंगठा अंगठ्याला. अंगदचा बूट मध्ये आला तो त्यानं उचलून बाजूला ठेवला, कारण त्याचा जोडीदार सापडेना. ओळ पार लिंबापर्यंत गेली.

"आगं बाई, किती शिस्तीचं लेकरू!" रूपाबाई कौतुकानं म्हणाली. "आमचा पिंटू तर फेकून देतो इकडं तिकडं. इराज, ये, आत्याकडं ये." तिनं त्याला उचललं. तो लाकडासारखा ताठ झाला, अंग मागं टाकलं, आणि खाली सोडल्याबरोबर पुन्हा चपलांकडं गेला. रूपाबाई जराशी ओशाळली. "वळख न्हाई माझी. लई दिसांनी आले ना."

सोनाजी लिंबाखाली बसून बघत होते. ते कुणालाच उद्देशून नाही असं बोलले, "जळबा बी गोटे लावायचा. बांधावर. असेच."

आशाबाईंचा हात परातीत थबकला. "आजच्या दिशी ते नाव काढायची काय गरज व्हती?"

जळबा म्हणजे सोनाजींचा धाकटा भाऊ, जो जन्मभर चार शब्दांच्या वर बोलला नाही. त्याला जाऊन आता एकवीस वर्षं झाली होती, आणि त्याचं नाव या घरात कुणी सहसा घेत नसे. द्वारकानं त्याला बघितलेलं नव्हतं. पण त्याच्या नावासरशी सासूचा चेहरा कसा उतरला ते तिनं पाहिलं, आणि तिला एकदम कळलं की हे भ्या आशाबाईंनाही आहे. तिच्याआधीपासून आहे. म्हणून तर एवढा नवस, म्हणून एवढी घाई.

बारा वाजता जावळाला बसले. अंगद पाटावर मांडी घालून बसला, नवा टॉवेल खांद्यावर. विराजला त्याच्या मांडीत दिलं. रूपाबाई जावळ झेलायला पदर पसरून शेजारी बसली. नागोराव वारकानं, गावच्या न्हाव्यानं, पिशवीतून कात्री काढली आणि वर एक बॅटरीची मशीन काढली. "झटक्यात होतं मावशी. वस्तऱ्याचं भ्या न्हाई."

मामानं पहिली बट कापली. तोवर ठीक होतं. मग हलगी कडाडली, आणि कानाजवळ मशीन घुर्र झाली.

त्यानंतर जे झालं ते द्वारकाला कितीतरी दिवस झोपेत ऐकू येत राहिलं. विराज ओरडला, तो हट्टाचा ओरडा नव्हता. भाजल्यावर लेकरू जसं ओरडतं तसा होता. त्यानं दोन्ही कानांवर हात दाबले, डोकं मागं आपटलं ते अंगदच्या हनुवटीवर, अंगदच्या ओठातून रक्त आलं.

"धरा! पाय धरा त्याचे!" आशाबाई ओरडल्या. "नागोराव, थांबायचं न्हाई, उरकून घे!"

भागवतच्या दोघा चुलतभावांनी पाय धरले, त्यानं स्वतः हात. मशीन कपाळापासून मागं गेली, अर्धं डोकं पांढरं निघालं, आणि कानामागं जराशी चामडी लागली. रूपाबाईचा पदर केसांनी भरला. आणि त्या सगळ्या रडण्यातून, हुंदके देत, तोंडातून लाळ गळत, विराज म्हणायला लागला, "चला सेनगाव... सेनगाव... एक सीट... एक सीट..."

माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "बापाचा पठ्ठ्या! रडतानी बी शिटा भरून राहिला!"

द्वारका हसली नाही. तिला बुधवार आठवला. बुधवारी घरात पाहुण्यांची गर्दी झाली तेव्हाही विराज कोपऱ्यात जाऊन हेच म्हणत होता आणि सगळे टाळ्या वाजवत होते. तेव्हा तो कुठं बघत होता? दाराकडं. दारातून दिसणाऱ्या जीपकडं. आत्ताही त्याची मान सारखी एकाच बाजूला वळत होती, चिंचेखाली उभ्या असलेल्या जीपकडं. दुपारी रिकाम्या उभ्या जीपमध्ये तो तासन् तास एकटा बसायचा, खिडकीचं रबर धरून. त्याच्याजवळ जे शब्द होते ते त्यानं दिले होते. आई म्हणता येत नव्हतं, नको म्हणता येत नव्हतं. एक सीट, एवढं म्हणता येत होतं.

"सोडा त्याला," द्वारका म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग तिनं पुढं होऊन नागोरावच्या हातातली मशीनच धरली. "सोडा म्हनते ना! भावजी, त्याला जीपमधी न्या. जीपमधी बसायचंय त्याला. तेच सांगून राहिला तो मघापासून!"

हलगी थांबली.

"द्वारका, सरक बाजूला," आशाबाई म्हणाल्या. आवाज थंड होता. "नवसाचं काम हाय हे. तुझी अंगनवाडी न्हाई."

"आत्याबाई, लेकरू मरून जाईल वरडून."

"जावळाला सगळीच लेकरं रडतात. तुझी कृतिका न्हवती रडली?"

"ती माझ्याकडं बघून रडत व्हती," द्वारका म्हणाली. "हा कुनाकडंच बघून न्हाई राहिला."

भागवतचे हात पोराच्या मनगटांवर होते. त्यानं आईकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं बघितलं. पोराच्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते. "बस झालं," तो म्हणाला, आणि विराजला उचलून जीपकडं चालू लागला.

"आरं, अर्धं जावळ!" रूपाबाई भरलेला पदर सांभाळत उठली. "असं अर्ध्यावर उठत्यात का कुठं?"

राजनंदिनी आणि द्वारका मागोमाग आत चढल्या, जीपची दारं लागली, काचा वर झाल्या. विराज मागच्या सीटच्या कोपऱ्यात जाऊन बसला, रबर शोधलं, बोट लावलं. चार-पाच मिनिटांत हुंदके कमी झाले. अर्धं डोकं तुळतुळीत, अर्ध्यावर वेणी. भागवत खाली उतरला आणि बॉनेटला पाठ टेकून उभा राहिला, कुणाला जवळ येऊ देणार नाही असा. आत दोघी जावा उरल्या.

राजनंदिनी लेकाच्या कानामागचं रक्त पदरानं टिपत होती. वर न बघता म्हणाली, "तुला कसं कळलं?"

"काय?"

"त्याला जीपमधी बसायचंय ते. मी आई हाय, मला कळलं न्हाई. तुला कसं कळलं?"

आता पळायला जागा नव्हती. द्वारकानं पर्स उघडली, यादीचा कागद काढला, त्याखालचं कार्ड काढलं. सगळं सांगितलं. सेनगावचं प्रशिक्षण, पडदा, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते. "मी म्हनत न्हाई त्याला तेच हाय म्हनून. मला ते म्हनायचा हक बी न्हाई. पन दाखवायला पायजे, नंदे. सोमवारी गाडी येनार. ते बघतील, लागलं तर हिंगोलीला पाठवतील."

राजनंदिनी ऐकत राहिली. तिला धक्का बसेल, ती रडेल, चिडेल, असं द्वारकाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिनं कार्ड हातात घेतलं आणि त्यावरच्या चार खुणांवरून बोट फिरवलं.

"हे तू मला दावलं व्हतं," ती म्हणाली. "आठवतं का? मी तुला इचारलं व्हतं एप्रिलात, द्वारके, तुला काय वाटतं, हा माझ्याकडं बघत काहून न्हाई? तू हे कार्ड दावलं. म्हनलीस, बघ, सगळं बराबर हाय."

"व्हय."

"अंगद त्याच आठवड्यात आला व्हता. त्याच्या दोस्ताचं लेकरू असंच हाय. म्हनला, ताई, मी संगं येतो, नांदेडला दाखवू. मी त्याला वापस लावलं. माझी द्वारका शिकलेली हाय म्हनलं, सरकारी कार्ड भरते, तिला जास्ती कळतं का तुला?" तिनं कार्ड मांडीवर ठेवलं. "दहा महिने, द्वारके. रोज रातच्याला माझ्या मनात यायचं, आन् रोज मी ते कार्ड आठवून झोपून जायचे."

द्वारका म्हणाली, "मी बघितलंच न्हवतं त्याला. भाकरी करता करता खुना केल्या. मला वाटलं, घरातलंच पोर हाय. वाईट कशाला लिहायचं." मग तिलाच रडू आलं. "खरं सांगू का? तुला मी या घरात आनलं. तुझ्या लेकराला काही कमी हाय असं माझ्या हातानं लिहायचं धाडस न्हाई झालं मला."

"कमी हाय म्हनून न्हवतं लिहायचं," राजनंदिनी म्हणाली. "व्हतं तसं लिहायचं व्हतं."

तेवढ्यात दार खडखडलं. बाहेर भागवत "आई, थांब जरा" म्हणत होता आणि आशाबाई त्याला बाजूला सारत होत्या. दार उघडून त्यांनी आत डोकं घातलं. डोळे लाल झालेले.

"काय भरवून राहिली तिच्या कानात? माझा नातू बोलला. साऱ्या गावानं ऐकलं. देवीनं दिलं त्यात तू खोट काढून राहिली? उद्या लोक काय म्हनतील, सोनाजीच्या घरात अजून एक..." पुढचा शब्द त्यांनी गिळला.

"अजून एक जळबा," मागून सोनाजी म्हणाले.

म्हातारा काठी टेकत जीपपर्यंत आला होता. त्यांच्या मागं रूपाबाई, पदरात केस तसेच घेऊन.

"म्हना की," सोनाजी म्हणाले. "इतके वर्सं म्हनलो न्हाई, म्हनून काय तो न्हवता का? पावनेरावळे आले की त्याला गोठ्यात घालायचो. रूपा, तुला आठवतं?"

"आठवतं दादा," रूपाबाई खाली बघत म्हणाली. "मला बघायला आले तवा बी घातलं व्हतं काकाला. दिसभर आतून आवाज यायला लागला, आन् माय पावन्यांला म्हनली, वासरू हाय."

"कडी मी लावायचो," सोनाजी म्हणाले. "वाईट मानूस न्हवता गं तो. साधं भोळं. त्याला काय पायजे ते इचारायचं बी असतं, हेच कळलं न्हाई आमाला. दवाखाना तर लांबच राहिला." त्यांनी काचेतून आत बघितलं. नातू रबरावरून बोट फिरवत होता. "आशा, नवस तुझा फिटला. देवीला बोकड दिलं, जावळ अर्धं का हुईना दिलं. आता लेकराच्या मायला ठरवू दे."

आशाबाई दारातच उभ्या राहिल्या. मग जीपच्या पायरीवर बसल्या. "मला वाटलं व्हतं तो बोलला," त्या म्हणाल्या. "खरंच वाटलं व्हतं ओ मला." आणि रूपाबाईनं एका हातानं आपला भरलेला पदर धरून दुसरा हात आईच्या पाठीवर ठेवला.

राजनंदिनीनं डोळे पुसले. "पेन दे," ती द्वारकाला म्हणाली.

यादीचा कागद मांडीवर घेऊन तिनं पाचव्या ओळीत नाव लिहिलं. विराज भागवत, गाव गोरेगाव, वय दोन वर्षं अकरा महिने. अक्षर शाळेतल्यासारखंच, जरा डावीकडं झुकलेलं. मग कार्डावरच्या चारी खुणा तिनं एका रेघेत खोडल्या आणि कार्ड उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूला तेच चार प्रश्न पुन्हा लिहिले.

"हाक मारल्यावर बघतो का," तिनं वाचलं. मग लेकाकडं वळली. "विराज."

बोट चालू होतं.

"विराज. बाळा, इकडं बघ."

सगळे वाट बघत होते. भागवत काचेला कपाळ लावून उभा होता.

"विराज," तिसऱ्यांदा ती इतकी हळू म्हणाली की द्वारकालाही जेमतेम ऐकू आलं. विराजनं वळून बघितलं नाही. राजनंदिनीनं पहिल्या प्रश्नापुढं 'नाही' असं लिहिलं. दुसऱ्यापुढं लिहिलं, तिसऱ्यापुढं लिहिलं. चौथ्याशी मात्र तिचे डोळे भरून आले. तिनं कार्ड द्वारकाकडं सरकवलं. "तू लिही. मला दिसंना."

चौथा प्रश्न होता, आपली गरज सांगतो का. द्वारकानं पेन घेतलं. एकदा चुकली होती, आता चुकायचं नव्हतं. तिनं 'ना' लिहायला पेन टेकवलं, आणि राजनंदिनीनं तिचं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "सांगतो तो. आज सगळ्यांदेखत सांगितलं त्यानं, गळा फाटस्तोवर. आपल्याला कळलं न्हाई." मग तिनं पेन काढून घेतलं आणि त्या एका प्रश्नापुढं स्वतःच्या हातानं बरोबरची खूण केली.